अमेरिकेत डॉक्टर होण्याआधीची एक-दोन वर्षे : गॅप इयर आणि पोस्ट-बॅक

अमेरिकेत वाढलेली मुलगी चार वर्षांची पदवी उत्तम रीतीने पूर्ण करते, तिला डॉक्टर व्हायचे आहे हे घरात सर्वांना ठाऊक असते, आणि तरीही पदवीनंतर ती वैद्यकीय महाविद्यालयात न जाता एखाद्या रुग्णालयात डॉक्टरांच्या नोंदी टंकण्याची नोकरी धरते. पुण्या-नाशिकच्या आजी-आजोबांना मग एकच प्रश्न पडतो : हिला प्रवेश मिळाला नाही का? आपल्याकडे बारावीनंतर नीट, नीटच्या क्रमांकावर एमबीबीएस, आणि क्रमांक कमी आला तर ‘ड्रॉप’ घेऊन पुन्हा तीच परीक्षा, असा मार्ग असल्यामुळे मोकळे गेलेले वर्ष म्हणजे हुकलेले वर्ष, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. अमेरिकेतील व्यवस्थेला ते लागू पडत नाही. तेथील एमडी अभ्यासक्रमात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांनी पदवीनंतर किमान एक वर्ष मध्ये घेतलेले असते. यालाच तेथे ‘गॅप इयर’ म्हणतात. अनेक मराठी घरांतील मुले आज या टप्प्यातून जात आहेत, आणि अपुऱ्या माहितीमुळे त्यांच्या पालकांचा पैसा व मुलांचा आत्मविश्वास दोन्ही खर्ची पडतात. म्हणून हा विषय नीट उलगडून पाहणे गरजेचे वाटते.

सुरुवात रचनेपासून करू. अमेरिकेत एमडी ही पदवीनंतरची पदवी आहे. आधी चार वर्षांची कोणत्याही विषयातील पदवी, मग चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण, आणि त्यानंतर विषयानुसार साधारण तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातील विशेष प्रशिक्षण. ‘प्री-मेड’ नावाची वेगळी पदवी घ्यावी लागत नाही. इतिहासाचा किंवा संगीताचा विद्यार्थीही डॉक्टर होऊ शकतो, मात्र त्याने जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह, बहुधा प्रत्येकी वर्षभर, शिकलेले असावे लागतात. जैवरसायनशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र यांचीही अपेक्षा आता बहुतेक ठिकाणी असते.

ही व्यवस्था नेहमीच अशी नव्हती. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेत गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियातून १८८६ साली एमडी झाल्या, तेव्हा त्यांच्याकडे कोणतीही आधीची पदवी नव्हती आणि ती कोणी मागितलीही नाही. जॉन्स हॉपकिन्सचे वैद्यकीय महाविद्यालय १८९३ मध्ये सुरू झाले ते पदवीधरांनाच प्रवेश देण्याच्या अटीवर, आणि पुढे १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने ढिसाळ वैद्यकीय शाळांवर बोट ठेवून विज्ञानाच्या भक्कम पूर्वतयारीचा आग्रह धरला. पदवी आधी आणि वैद्यक नंतर ही घडण त्या काळापासून रुजत गेली. तिचा एक परिणाम असा, की एखाद्याला वयाच्या पंचविशीत किंवा तिशीत डॉक्टर व्हावेसे वाटले तर त्याला परतीचे दार उघडे राहते. पोस्ट-बॅक, म्हणजे पदवीनंतर विज्ञान विषय शिकण्याचे अभ्यासक्रम, हे ते दार आहे.

आता मधले वर्ष मुळात येते कोठून ते पाहू, कारण त्याचे पहिले कारण केवळ दिनदर्शिकेत आहे. प्रवेशाचा अर्ज ‘ॲमकॅस’ या सामाईक व्यवस्थेतून मे महिन्याच्या अखेरीपासून सादर करता येतो. त्यानंतर गुणपत्रकांची पडताळणी होते, उन्हाळ्यात प्रत्येक महाविद्यालयाचे स्वतंत्र निबंध लिहावे लागतात, शरद ऋतूपासून वसंतापर्यंत मुलाखती चालतात, आणि प्रत्यक्ष वर्ग सुरू होतात ते पुढच्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे अर्ज ते पहिला तास यांत वर्षाहून अधिक काळ जातो. ज्याला पदवीनंतर थेट वैद्यकीय महाविद्यालयात बसायचे आहे त्याला तिसरे वर्ष संपतानाच अर्ज करावा लागतो, आणि एमकॅट ही प्रवेशपरीक्षा त्याआधीच देऊन मोकळे व्हावे लागते. सगळे विज्ञान विषय, परीक्षेची तयारी, रुग्णालयातील अनुभव आणि संशोधन हे सारे विशी-एकविशीच्या मुलाने तीन वर्षांत बसवायचे, ही अपेक्षा फार मोठी आहे. एक वर्ष थांबून अर्ज केला तर चौथ्या वर्षाचे गुण अर्जात येतात, प्राध्यापकांना विद्यार्थ्याची ओळख अधिक झालेली असते म्हणून शिफारसपत्रांत जीव येतो, आणि अर्ज चालू असतानाचे वर्ष कामात घालवता येते. अर्ज आले तसे पाहिले जातात, जागा हळूहळू भरत जातात. त्यामुळे सप्टेंबरात घाईने पाठवलेल्या अर्जापेक्षा पुढच्या जूनमध्ये पाठवलेला पूर्ण अर्ज पुष्कळदा अधिक फळतो.

स्पर्धा किती आहे याचाही अंदाज हवा. एमडी अभ्यासक्रमांसाठी अलीकडच्या वर्षांत ५० हजारांहून अधिक अर्जदार असतात आणि सुमारे २३ हजारांना प्रवेश मिळतो. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए, म्हणजे पदवीच्या गुणांची सरासरी, चारपैकी ३.८ च्या आसपास असतो, आणि एमकॅटचे गुण, जे ४७२ ते ५२८ या पट्टीवर मोजले जातात, सरासरी ५१२ च्या जवळ. ही सरासरी आहे, किमान पात्रता नव्हे. तिच्या खालीही हजारो मुले प्रवेश घेतात.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘गॅप इयर घ्यावे का’ किंवा ‘कोणता पोस्ट-बॅक चांगला’ या प्रश्नांच्या आधी एक प्रश्न सुटायला हवा : अर्जात नेमके काय कमी आहे? ते ठरवल्याशिवाय घेतलेला अभ्यासक्रम हा निदान न करता दिलेल्या औषधासारखा असतो. ज्या मुलाचे चारही वर्षांचे गुण उत्तम आहेत पण एमकॅट ५०२ वर अडकला आहे, त्याला पोस्ट-बॅकची गरज नाही. त्याला चार-सहा महिने शिस्तीने अभ्यास करून परीक्षा पुन्हा द्यायची आहे. येथेही सावधपणा हवा, कारण एमकॅट आयुष्यात सातच वेळा देता येते आणि आधीचे गुणही महाविद्यालयांना दिसतात. नीटसारखे वर्षामागून वर्ष देत राहण्याची ही परीक्षा नव्हे. ज्या मुलीचे गुण आणि एमकॅट दोन्ही चांगले आहेत पण रुग्णांशी कधी संबंधच आलेला नाही, तिने आणखी वर्ग करून काहीही साधणार नाही. मुलाखतीत तिला विचारले जाईल, की हे काम तुला झेपेल हे तुला कशावरून कळले, आणि त्याचे उत्तर पुस्तकातून येत नाही. तिसरा प्रकार असा, की पहिल्या दोन वर्षांत घर सोडल्याच्या गोंधळात, आजारपणात किंवा आवडत नसलेल्या विषयात गुण घसरले आणि विज्ञानाचा पाया कच्चा दिसतो. त्याच्यासाठी मात्र पोस्ट-बॅकचा विचार खरोखर करावा. चौथा प्रकार ज्यांनी विज्ञान शिकलेलेच नाही त्यांचा.

मराठी घरांत मी एक ओढ वारंवार पाहिली आहे. कमतरता कोणतीही असो, उपाय म्हणून आपण आणखी एक पदवी सुचवतो. शिक्षणावरचा आपला विश्वास मोलाचा आहे, पण रुग्णालयातील आठशे तासांची उणीव जीवशास्त्राच्या मास्टर्सने भरून निघत नाही.

गॅप इयरमधील कामाचे प्रकार अनेक आहेत. स्क्राइब डॉक्टरांसोबत उभा राहून तपासणीच्या नोंदी संगणकावर उतरवतो. पगार थोडा असतो, पण निदानामागचा विचार रोज कानांवर पडतो. ईएमटी, म्हणजे रुग्णवाहिकेवरील तातडीच्या उपचारांचा तंत्रज्ञ, होण्यासाठी काही महिन्यांचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागते, त्यानंतर रुग्णवाहिकेवर काम मिळते. सीएनए, म्हणजे प्रमाणित परिचारिका-साहाय्यक, हा परिचारिकांच्या हाताखाली रुग्णांना आंघोळ घालणे, भरवणे, कुशीवर वळवणे ही कामे करतो, आणि माझ्या मते वैद्यकाची खरी पारख याच कामात होते, कारण येथे मिरवण्यासारखे काही नसते. रक्त काढण्याचे किंवा दवाखान्यात मदतनिसाचे काम करणारेही पुष्कळ असतात. फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांसोबत रुग्ण तपासणारा पीए, होऊ इच्छिणाऱ्यांसाठी तर हे तास ऐच्छिक नाहीत. अनेक पीए अभ्यासक्रम रुग्णसेवेचे शेकडो, काही ठिकाणी हजारांहून अधिक तास अर्जाआधीच मागतात. ज्यांचा ओढा संशोधनाकडे आहे त्यांच्यासाठी मेरीलँडमधील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये, नुकत्याच पदवीधर झालेल्यांना एक-दोन वर्षे विद्यावेतनावर प्रयोगशाळेत काम करण्याची योजना आहे, मात्र ती नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठीच आहे. काही जण अमेरिकॉर्प्स या देशांतर्गत सेवायोजनेत जातात, काही पीस कॉर्प्स या सरकारी स्वयंसेवी योजनेतून २७ महिने परदेशात सेवा करतात. पालकांच्या आरोग्यविम्यावर मुलांना २६ व्या वर्षापर्यंत राहता येते, ही गोष्ट कमी पगाराच्या या वर्षांत फार मोठा आधार ठरते.

आता पोस्ट-बॅककडे वळू. पदवीनंतर, पण वैद्यकीय शिक्षणाआधी, पदवीच्या पातळीवरचे विज्ञान विषय शिकण्याची सोय असा त्याचा साधा अर्थ. त्याचे दोन मुख्य प्रवाह आहेत आणि त्यांची गल्लत झाली की चुकीच्या ठिकाणी अर्ज जातात.

पहिला प्रवाह क्षेत्र बदलणाऱ्यांचा. कोलंबिया विद्यापीठाच्या स्कूल ऑफ जनरल स्टडीजमधील कार्यक्रम १९५५ पासून चालू आहे आणि या प्रकारातील सर्वांत जुना मानला जातो. फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर महाविद्यालयाचा कार्यक्रम १९७२ पासूनचा. त्यात उन्हाळ्यापासून पुढच्या वसंतापर्यंत सगळे मूलभूत विज्ञान विषय सलग, अतिशय वेगाने शिकवले जातात. वकील, शिक्षक, संगणक अभियंते, नर्तक अशी माणसे येथे येतात. ज्यांनी पदवीत हे विषय आधीच घेतले आहेत त्यांना असे कार्यक्रम सहसा घेत नाहीत. यांतील काहींची विशिष्ट वैद्यकीय महाविद्यालयांशी ‘लिंकेज’ असते, म्हणजे विद्यार्थी अभ्यासक्रम चालू असतानाच तेथे अर्ज करू शकतो आणि ठरलेले गुण मिळवल्यास मधले प्रतीक्षेचे वर्ष वाचते. लिंकेज नसेल तर अभ्यासक्रमानंतर अर्जाचे एक वर्ष जातेच. त्याला तेथे ‘ग्लाइड इयर’ म्हणतात आणि ते हिशेबात धरूनच निर्णय घ्यावा.

दुसरा प्रवाह गुण सुधारणाऱ्यांचा. येथे थोडे गणित करावेच लागते, कारण मोठमोठ्या अपेक्षा त्यानेच जमिनीवर येतात. समजा, एखाद्याने १२० क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे विषयाचा भार मोजण्याचे एकक) पदवी ३.२ जीपीएने पूर्ण केली, आणि पोस्ट-बॅकमध्ये ३० क्रेडिट घेऊन प्रत्येक विषयात पूर्ण ४.० मिळवले. एकूण जीपीए होतो ३.३६. वर्षभराच्या निर्दोष कामगिरीनंतरही आकडा केवळ ०.१६ ने हलला. आता केवळ विज्ञान विषयांचा हिशेब पाहू, कारण महाविद्यालये तो वेगळा पाहतात. पदवीत ५० क्रेडिट विज्ञान ३.० ने झाले असेल आणि त्यात तेच ३० क्रेडिट ४.० ने मिळवले, तर विज्ञानाचा जीपीए ३.० वरून जवळजवळ ३.३८ वर जातो. हा बदल ठसठशीत आहे. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे निवड करणाऱ्याला शेवटच्या वर्षाची ओळ वेगळी दिसते आणि विद्यार्थी आज अवघड विज्ञान पेलू शकतो याचा पुरावा मिळतो. अनेक महाविद्यालये या चढत्या आलेखाला मान देतात.

येथे काही तांत्रिक गोष्टी ठाऊक असल्या पाहिजेत. ॲमकॅस विषय पुन्हा घेतल्यास जुने आणि नवे दोन्ही गुण मोजते. डीओ, म्हणजे एमडीच्या बरोबरीने डॉक्टरकी करता येणारी ऑस्टिओपॅथीची पदवी, हिच्या अर्जव्यवस्थेत पूर्वी नवे गुण जुन्यांची जागा घेत असत, पण ती सवलत २०१७ मध्ये संपली, आणि जुने सल्ले अजूनही तोंडोतोंडी फिरत असल्यामुळे लोक फसतात. म्हणून ‘बी’ मिळालेला विषय पुन्हा घेण्यात फारसा अर्थ नाही. ‘सी’ किंवा त्याखाली असलेला आवश्यक विषय पुन्हा घ्यावा आणि उरलेली ताकद शरीरक्रियाशास्त्र, पेशीजीवशास्त्र, प्रतिकारशास्त्र अशा वरच्या विषयांवर लावावी. दुसरी गोष्ट अशी, की पदवीच्या पातळीवरचे पोस्ट-बॅकचे गुण पदवीच्या एकूण जीपीएत मिसळतात, तर मास्टर्सचे गुण स्वतंत्र दाखवले जातात आणि पदवीचा आकडा जागेवरच राहतो.

या दुसऱ्या गोष्टीमुळे ‘स्पेशल मास्टर्स प्रोग्रॅम’ नीट समजून घ्यावा लागतो. जॉर्जटाऊन आणि बोस्टन विद्यापीठांचे असे कार्यक्रम प्रसिद्ध आहेत. जॉर्जटाऊनमध्ये विद्यार्थी वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाचे विषय तेथील विद्यार्थ्यांच्या बरोबरीने शिकतात आणि त्यांच्याशी तुलना करूनच गुण मिळवतात. ज्याचा पदवीचा जीपीए आता फारसा हलणार नाही, पण ज्याची खरी कुवत त्या आकड्याहून मोठी आहे, त्याच्यासाठी हा मार्ग प्रभावी आहे. मात्र ही शेवटची चाचणी असते. येथे मध्यम गुण मिळाले तर वैद्यकीय महाविद्यालयाला सरळ पुरावा मिळतो, की आपला अभ्यासक्रम या विद्यार्थ्याला जड जाईल, आणि त्यानंतर बाजू सावरणे फार कठीण होते. अभ्यासाच्या सवयी, झोप, मानसिक आरोग्य, घरची परिस्थिती, यांपैकी ज्या कारणाने आधीचे गुण घसरले ते दूर झाले आहे याची खात्री असल्याशिवाय येथे पाऊल टाकू नये, असे मी कळकळीने सांगेन.

नावाजलेला कार्यक्रमच हवा असेही नाही. जवळच्या सरकारी विद्यापीठात बिगरपदवी विद्यार्थी म्हणून नाव नोंदवून आवश्यक तेवढेच विषय घेता येतात आणि खर्च काही हजार डॉलरांत भागू शकतो. हार्वर्ड एक्स्टेन्शन स्कूलसारख्या ठिकाणी नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांत हे विषय शिकता येतात. खासगी विद्यापीठांतील पूर्ण कार्यक्रमाचा खर्च याच्या कैक पट होतो आणि राहण्याखाण्यासह ५० हजार डॉलरांच्या पुढे सहज जातो. त्या पैशात मार्गदर्शन, वेळापत्रकाची आखणी, शिफारसपत्रांची व्यवस्था आणि सोबत मिळते, आणि दहा वर्षांनी पुन्हा वर्गात बसणाऱ्याला त्याची गरज असू शकते. नुकतीच पदवी घेतलेल्या, शिस्तीच्या मुलाला मात्र तेच काम स्वस्तात जमते.

पैशाच्या बाबतीत २०२६ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ‘ग्रॅड प्लस’ हे शिक्षणाचा पूर्ण खर्च भागवणारे सरकारी कर्ज बंद होत आहे. एमडीसारख्या व्यावसायिक पदवीसाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर, तर इतर पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलर ठरली आहे. अनेक खासगी वैद्यकीय महाविद्यालयांचा चार वर्षांचा खर्च या मर्यादेच्या पलीकडे जातो, त्यामुळे महागडा मास्टर्स करून आधीच कर्जात उतरणे आता पूर्वीपेक्षा अधिक जोखमीचे झाले आहे. कुटुंबाने घराच्या बचतीतून किती द्यायचे हे मुलाबरोबर बसून मोकळेपणाने ठरवावे.

व्हिसाचा प्रश्न भारतीय कुटुंबांना विशेष छळतो. एच-१बी व्हिसावर आलेल्या पालकांची मुले एच-४ वर असतात आणि २१ वर्षे पूर्ण होताच तो दर्जा संपतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या कुटुंबांत, लहानपणापासून अमेरिकेत वाढलेल्या मुलाला पदवीच्या काळातच एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावे लागते. अशा मुलासाठी गॅप इयर ही केवळ आवडीची बाब राहत नाही, कारण पदवीनंतर काम करण्याची ओपीटीची मुदत आणि त्यातील बेरोजगारीची ९० दिवसांची मर्यादा पाळावी लागते, आणि कामही शिकलेल्या विषयाशी संबंधित असावे लागते. शिवाय बरीच वैद्यकीय महाविद्यालये केवळ नागरिक व ग्रीन कार्डधारकांचेच अर्ज विचारात घेतात, काही घेतात ती एक किंवा अधिक वर्षांची फी आगाऊ ठेव म्हणून मागतात, आणि सरकारी कर्ज मिळत नाही. अशा घरांनी महाविद्यालयांची यादी करण्याआधी प्रत्येकाचे व्हिसाविषयक धोरण तपासावे आणि मुलाच्या २१ व्या वाढदिवसाआधीच स्थलांतर कायद्याच्या वकिलाशी बोलावे.

भारतातून पदवी घेऊन आलेल्यांसाठीही काही स्पष्टता हवी. ज्यांनी भारतात एमबीबीएस केले आहे त्यांना पोस्ट-बॅकची गरज नाही. त्यांचा मार्ग यूएसएमएलई ही डॉक्टरांची परवाना परीक्षा आणि परदेशी वैद्यकीय पदवीधरांची पात्रता तपासणाऱ्या ईसीएफएमजीचे प्रमाणपत्र यांतून थेट रेसिडेन्सीकडे जातो. याउलट पुण्यात अभियांत्रिकी किंवा बीएस्सी करून लग्नानंतर अमेरिकेत आलेली एखादी स्त्री डॉक्टर होऊ पाहत असेल, तर तिला आवश्यक विषय अमेरिकेतच घ्यावे लागतात, कारण भारतातील गुणपत्रकांची पडताळणी ॲमकॅस करत नाही आणि बहुतेक महाविद्यालये अमेरिका किंवा कॅनडातील क्रेडिट मागतात. एच-४ वर शिक्षण घेण्यास मुभा आहे, आणि ही वर्षे अनेकींनी याच कारणी लावली आहेत. तिला रुग्णसेवा हवी आहे पण दहा वर्षे हाताशी नाहीत, असे असेल तर आधीची पदवी असलेल्यांसाठी साधारण १२ ते १८ महिन्यांत पूर्ण होणारा नर्सिंगचा प्रवेगक अभ्यासक्रम हा सन्मानाचा आणि भक्कम मार्ग आहे. त्यासाठीही शरीररचनाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असे काही विषय आधी करावे लागतात.

कार्यक्रम निवडताना जाहिरातीतील यशाची टक्केवारी पाहून कोणीही भारावते. ‘आमच्या ९० टक्के विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला’ असे वाक्य दिसले, तर ते ९० टक्के कोणाचे हे विचारावे. बऱ्याच ठिकाणी विद्यापीठाची समिती विद्यार्थ्यासाठी एकत्रित शिफारसपत्र लिहिते आणि गुण कमी असलेल्यांना ते पत्र नाकारते किंवा एक वर्ष थांबायला सांगते. टक्केवारी मात्र पत्र मिळालेल्यांवरच काढली जाते. म्हणून प्रवेश घेण्याआधी कार्यक्रमाच्या संचालकांना लेखी विचारावे, की पहिल्या दिवशी वर्गात किती जण होते, त्यांपैकी किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, किती जणांनी अर्ज केला, किती जणांना एमडी, डीओ किंवा परदेशी महाविद्यालयांत प्रवेश मिळाला, आणि माझ्याइतका जीपीए घेऊन आलेल्या विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले. या प्रश्नांची आकड्यांसह सरळ उत्तरे देणाऱ्या कार्यक्रमाचाच पुढे विचार करावा.